शेवटची दोन मिनिटं

मॅडमनी लाल कार्डं विक्रेत्यांना वाटली, हिरवी गिऱ्हाइकांना, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "दहा मिनिटं बाजार. मागणी-पुरवठा पुस्तकात वाचून झाला, आता करून बघा. फायद्यात राहील तो पास, तोट्यात जाईल तो नापास. कार्ड कुणाला दाखवायचं नाही."

तिच्या वाट्याला लाल कार्ड आलं. 'तुमच्याकडे एक नग आहे. खर्च चाळीस.' एवढंच लिहिलेलं. सूक्ष्म अर्थशास्त्राची लेखी चाचणी तिने आधीच घालवली होती. आज पुन्हा नापास झाली तर फी-माफी जाणार, आणि फी-माफी गेली की कॉलेजही गेलं. घरी त्यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं.

तिने पन्नासपासून सुरुवात केली. मागच्या बाकावरचा एक जण चव्वेचाळीस द्यायला तयार झाला, तर ही कुठल्या ऐटीत होती कोण जाणे, म्हणाली, "पंचेचाळीसच्या खाली नाही." तो सरळ पुढच्या बाकाकडे गेला. फळ्यावर सौदे पडत होते. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पुन्हा त्रेचाळीस. ती बाकांमधून येरझाऱ्या घालत होती आणि दर फेरीला घड्याळ बघत होती.

"शेवटची दोन मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

तेवढं ऐकलं मात्र, तिचं डोकं चालेनासं झालं आणि पाय चालू लागले. तिची आई हॉस्पिटलच्या फाटकाशी फुलांचे गुच्छ विकायची. पेशंटला भेटायची वेळ चार ते सहा. सहानंतर तिथे कुत्रंही फिरकत नसे. सहाला दोन मिनिटं उरली की आई फाटकाकडे निघालेल्या एकेकाच्या मागे जायची, "घ्या हो, काय द्यायचं ते द्या," म्हणायची, आणि ही बादली धरून उभी राहायची. वर्गात हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून जपत होती.

"चाळीस? पस्तीस? बरं, तीस द्या," ती एका हिरव्या कार्डवालीला म्हणाली. ती मुलगी जरा चमकली, पण तीसला कोण नाही म्हणेल?

फळ्यावर तीसचा आकडा पडला तसा वर्ग हसला. मॅडमनी खर्च विचारला. तिने सांगितला.

"गप्प बसली असतीस तर शून्य. विकून झाले उणे दहा. शून्य मोठं की उणे दहा?"

"हे चौथीतलं पोरही सांगेल," पहिल्या बाकावरचा टॉपर मागे वळून म्हणाला.

तिचे कान तापले. "पण मॅडम, न विकलेला माल कुठे जातो?"

"कुठेच नाही. विकला तरच खर्च धरायचा, असा नियम आहे."

"म्हणजे राहिलेला ज्याचा त्याला परत?"

"हो, तसं समज."

"असा धंदा कुठे असतो, मॅडम?"

वर्ग पुन्हा हसला. ती वाद घालत नव्हती. असा धंदा खरंच कुठे असला तर तिला पत्ता हवा होता.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळा पुसला. "पुन्हा खेळू. या वेळी प्रत्येक विक्रेत्याचे चाळीस आधीच गेलेत. माल राहिला तर उणे चाळीस. दोन फेऱ्यांतली चांगली ती धरेन."

खुर्चीवरून मॅडमचं "सुरू" येतं न येतं तोच ती सर्वांत जवळच्या हिरव्या कार्डाशी गेली आणि एक्केचाळीसला मोकळी झाली. एका रुपयाचा फायदा. म्हणजे पास. आता निवांत बसायला हरकत नव्हती, पण तिचं बूड टेकेना. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

बाकीच्यांनी भाव धरून ठेवला होता. गिऱ्हाइकंही आता शहाणी झाली होती. हाताची घडी घालून घड्याळ बघत बसली होती.

"शेवटची दोन मिनिटं."

बाकं करकरली. लाल कार्डं एकदम उठली. तीस, पंचवीस, पंधरा. कुणी कुणाची बाही ओढून "काय द्यायचं ते दे" म्हणत होतं. टॉपर एकीच्या मागे हात जोडून फिरत होता, "घे गं, काय द्यायचं ते दे." आधी हसत म्हणाला. मग तेच हसू न येता म्हणाला. पहिल्या फेरीत तो फायद्यात होता, त्यामुळे त्याचे मार्क कुठे जाणार नव्हते, पण हरायची त्याला सवय नव्हती. इतक्या तोंडांतून ते वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. आपण उजवी मूठ आवळून धरली आहे, बादलीची कडी धरावी तशी, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

"वेळ संपली."

टॉपरचं कार्ड राहिलं. घाम पुसत तो तिच्यापाशी आला. सगळ्या वर्गात या बाबतीत तिलाच काही कळतं, असं त्याला वाटलं असावं.

"आता ह्याचं काय करू?"

"देठं थोडी छाट आणि पाण्यात ठेव," ती म्हणाली. "सकाळपर्यंत टिकतील."

त्याने हातातलं लाल कार्ड उलटून बघितलं.