पाहुण्यांचे टोमॅटो

कंपालातल्या भाड्याच्या खोलीसमोर नाकिबुकाने जुन्या टायरांत माती भरून टोमॅटो लावले होते. रोपं एका मदतसंस्थेने दिलेली. फळं लाल व्हायला लागली तशी संस्थेची बाई येऊन बजावून गेली, "देणगी देणारे पाहुणे यायचेत. तोवर एकाही टोमॅटोला हात लावायचा नाही हं! झाडं कशी भरलेली दिसली पाहिजेत."

दोन आठवडे तिचा तीन वर्षांचा मुगाबी त्या टायरांभोवती घुटमळत राहिला. हात पुढे केला रे केला, की नाकिबुका त्यावर फटका मारायची. "पाहुण्यांचे आहेत ते, मेल्या!" मग तो मक्याचा घाटा नुसत्या मिठाशी गिळायचा.

पाहुणे आले. शेजारणीची ठेवणीतली गोमेसी नेसून नाकिबुकाने रीतीप्रमाणे गुडघे टेकले, फोटो काढून घेतले. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं तरी कसं? होते नव्हते तेवढे टोमॅटो तिने टोपलीत भरून त्यांच्या पुढ्यात धरले. त्यांनीही ते आनंदाने नेले.

दोन महिन्यांनी दवाखान्यात सिस्टरने मुगाबीच्या दंडाला मोजपट्टी लावली. पट्टी थेट लाल रंगावर आली.

"नुसती हाडं उरलीत पोराची! लाज कशी नाही वाटत गं?" सिस्टर कडाडली आणि तिने भिंतीवरच्या नव्या पोस्टरकडे बोट दाखवलं. भारी गोमेसीतली एक बाई गुडघ्यांवर बसून टोमॅटोची टोपली पुढे करत हसत होती. "ती बघ! आई असावी तर अशी. शीक जरा तिच्याकडून."

 

मुगाबीने त्या लालभडक टोमॅटोंकडे पाहिलं आणि दोन्ही हात झटकन पाठीमागे लपवले.