दोन पत्रं आणि एक नारळ

वाऱ्यानं कागद उडायला लागले, तशी बनुबाईनं दोन्ही पत्रं घोंगड्यावर एकावर एक ठेवली आणि त्यांच्यावर पाव्हण्यानं आणलेला नारळ ठेवून दिला.

"आता एकेक काढून वाच," ती नातीला म्हणाली. "आनि सावकाश. गाडी सुटत न्हाई."

गाडी सुटतच होती. पाचच्या आत मोबाईलवरून एका कॉलेजला होकार कळवायचा होता, नाहीतर दोन्ही जागा जाणार होत्या. चार वाजून गेले होते. राज्यातल्या सरकारी कॉलेजात अपेक्षाचा नंबर लागला नव्हता. परराज्यातल्या दोन कॉलेजांनी बाहेरच्या मुलांसाठी म्हणून फीत सवलत देऊ केली होती. बाप, म्हणजे बनुबाईचा मुलगा, तिकडं कानपूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळत होता. "आई म्हणंल तसं," एवढं फोनवर बोलून तो मोकळा झाला होता.

नारळ आणला होता अपेक्षाच्या मामानं, बाळासोनं, कुंडलहून. उसाचा बागायतदार, मनानं वाईट नाही. नारळासंगं त्यानं बोलणंही आणलं होतं. पोरीनं कुठंबी शिकावं, सगळा खर्च माझा. फकस्त माझ्या पोराशी, दिग्विजयशी साखरपुडा आत्ताच उरकून घिऊ. पोरीची आई सुला, म्हणजे बाळासोची बहीण, आत कोरडंच भांडं तिसऱ्यांदा पुसत होती.

अपेक्षानं पहिलं पत्र ओढलं. "वर्षाची फी चार लाख. पंचाहत्तर टक्के माफ. आपण एक लाख भरायचे." मग दुसरं. "ह्यांची फी दोन लाख, पण चाळीसच टक्के माफ. आपले एक लाख वीस हजार."

"म्हंजे पैलं स्वस्त," बाळासो म्हणाला. "आनि माझं फुकट!" तो एकटाच हसला.

बनुबाईला अक्षर लागत नव्हतं. पण रानातनं परतणारी शंभर मेंढरं ती उभ्या उभ्या नजरेनं मोजायची.

"पैल्या पत्राचं कागद चार हायती," ती म्हणाली. "तू तीनच वाचलंस."

"त्यात नुसते नियम हायत, आजी."

"मग नियमच वाच."

अपेक्षानं चौथा कागद उचलला. तिचा आवाज बारीक झाला. "दर सहा महिन्याला दहापैकी साडेआठ गुण पाहिजेत. एकदा जरी कमी पडले तर माफी बंद. परत मिळणार नाही. पुढं सगळी चार लाख फी."

"वाट्याचं मेंढरू!" बनुबाई फणकारली.

ती लग्न होऊन आली तेव्हा ह्या घरात स्वतःचं एक मेंढरू नव्हतं. सगळी दुसऱ्याची, वाट्यानं सांभाळलेली. एखादं मेलं की त्याचा कान कापून मालकाच्या दारात न्यायचा. विकलं नाही, मेलंच, हे दाखवायला. मालक कान उलटासुलटा करून बघायचा आणि मेंढराची किंमत ह्यांच्या डोक्यावर चढवायचा. असे तीन कान बनुबाईनं नेले होते.

"देणाऱ्याला एकच इचारायचं असतं," ती म्हणाली. "मेंढरू मेलं तर कुणाचं?"

"मी गुण पडूच देणार न्हाई, आजी. बारावीला मला—"

"बारावीला आईच्या हातचं खाऊन पेपर दिलंस. तितं ताप आला, भाषा कळंना, एक पेपर गेला, मग? कान घिऊन म्या कुणाच्या दारात जाऊ? दुसऱ्याचं नियम वाच."

दुसऱ्या पत्राला दोनच कागद होते. "नुसतं पास व्हायचं. एखादा विषय राहिला तर परत बसायचं. चाळीस टक्के चारी वर्षं कायम." अपेक्षानं कागद परत नारळाखाली सारले आणि मान वर केली. "पण दर वर्षी वीस हजार जास्त. बाबांनी लाखच कबूल केल्यात."

"वीस हजार माझी मेंढरं देतील. ती वाट्याची न्हाईत."

मग बनुबाई बाळासोकडं वळली. "आनि तुमचं, पाव्हणं? पोरगी नापास झाली तर?"

"हुईना का! यील घरी. आपलंच घर हाय."

"आनि पास झाली तर?"

बाळासोनं चहाचा कप तोंडाला लावला. कप मघाशीच रिकामा झाला होता.

"तरी बी घरीच की."

आत सुलानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

बनुबाईनं नारळ उचलला. वारा टपूनच होता. पहिलं पत्र अंगणभर पांगलं, एक कागद बाभळीत जाऊन अडकला. दुसरं तिनं गुडघ्याखाली दाबून धरलं होतं.

"नारळ पिशवीत ठिवा, पाव्हणं. कुंडल लांब हाय. वाटंत तहान लागंल."

सुला बाहेर आली. भावाच्या हातातला कप तिनं हळूच काढून घेतला. "दादा, आनि घोटभर टाकू?" तिनं विचारलं. त्याच्याकडं बघितलं मात्र नाही.

पाचला सहा मिनिटं होती. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची. अपेक्षा शिडीनं वर चढली, मोबाईल उघडला, आणि बोट तिथंच थबकलं.

"आजी! ह्यात बी नापास झाले तर?"

बनुबाई खाली शिडी धरून उभी होती.

"तर मेंढरू आपलं," ती म्हणाली. "कान दावायला कुणाच्या दारात जायाचं न्हाई. दाब."