मरोळच्या मैदानावरचा आरडाओरडा

गोल झाला, हे नानांना फळीच्या आवाजावरून कळलं. गोलच्या मागच्या लाकडी फळीवर चेंडू आपटला की ठक्क असा आवाज येतो. हॉकीवर लिहायला लागल्यापासून तीस वर्षं तो त्यांच्या ओळखीचा होता. पण गोल मारला कोणी, ते काही कळेना. देवळालीहून आलेल्या फौजी संघाने ना कुणाचं नाव पुकारलं, ना आरोळी ठोकली. दुधाळ उजेडात काही पांढरे ठिपके मधल्या रेषेकडे परतताना दिसले, एवढंच.

"नाना, कोणाचा हो गोल?" शेजारी बाकावर बसलेल्या पद्मजाने विचारलं. "मी नेमकी वहीत बघत होते."

पद्मजा ऑफिसात क्रीडा पानावर नवीन लागलेली. आजवर ती टेबलावरूनच फोन फिरवायची, स्कोअर घ्यायची आणि चार ओळी लिहून मोकळी व्हायची. तीन वर्षांपूर्वी क्रिकेटचा वर्ल्ड कप देशात आला, तेव्हापासून हॉकीला जागाही तेवढीच उरली होती. नाना हटून बसले म्हणून रविवारच्या मॅचचा अर्धा कॉलम तेवढा वाचला होता. संपादकांचं म्हणणं, फोनवर सगळं मिळतं तर मैदानावर माणूस धाडायचा कशाला? आज त्यांनी पद्मजाला मुद्दाम सोबत धाडलं होतं. मैदानात बसून नाना असं काय वेगळं आणतात ते तिने बघायचं आणि उद्या येऊन सांगायचं. त्या अर्ध्या कॉलमचं त्यावर ठरणार होतं.

आल्या आल्या नानांनी तिला धडाच दिला होता. "हे बघ बाळ, आपल्या धंद्यात एकच नियम. गोल कोणाचा, हे कोणाला विचारायचं नाही. आपल्या डोळ्यांनी बघायचं, मग लिहायचं."

आणि हे सांगणाऱ्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घाटकोपरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून पिकला नाही, पिकला की काढू, तोवर थांबा. नाना थांबले, पण रजेवर काही गेले नाहीत. आपण एकदा हा बाक सोडला की इथे दुसरं कोणी येऊन बसणार नाही, हे ते पुरतं ओळखून होते. घरी ते सांगत आणि त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई लिहून काढत. बाईंखेरीज ही गोष्ट नानांनी कोणालाच सांगितली नव्हती.

सीझनच्या पहिल्याच मॅचला चूक झाली होती. मरोळच्या लवूचा गोल नानांनी धर्मा नावाच्या दुसऱ्याच खेळाडूच्या खात्यावर छापला. लवू इथल्याच एका कारखान्यात कामाला. त्याचं नाव पेपरात पहिल्यांदाच यायचं होतं. पण पोरगा भला, तक्रार घेऊन आला नाही. आठवड्याने स्कोअररकडून नानांना ते कळलं, तेव्हा दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

पुढे मात्र चूक झाली नाही. त्याला कारण आजकालच्या पोरांची वाईट खोड. मरोळ घ्या, कुर्ला घ्या, मुलुंड घ्या, मैदानात नुसता मासळी बाजार. "लवू, तुझा बॉल." "दशरथ डावीकडून घुसला, धरा त्याला." आणि गोल झाला की बावीसच्या बावीस जण मारणाऱ्याचं नाव घेऊन बोंबलायचे, ज्यांच्यावर गोल झाला तेसुद्धा. नानांची त्यात सोय होत होती, हे खरं. पण जुन्या माणसाची जीभ गप्प बसते कुठे? "आमच्या वेळचे खेळाडू नजरेने बोलत, आताचे घशाने खेळतात," असं त्यांनी आपल्या अर्ध्या कॉलमात ठणकावून लिहिलंही. मरोळचा कप्तान रतन ते वाचून हसला होता. "लिहा नाना, काय पाहिजे ते लिहा. आम्ही तर ओरडणारच ना." पुढच्या रविवारी आवाज दुप्पट झाला.

आजचे पाहुणे मात्र शिस्तीचे. मॅच सुरू झाल्यापासून त्यांच्या तोंडून अक्षर नाही. अगदी नानांना हवा तसा खेळ चालला होता आणि नानांना त्यातलं काही कळत नव्हतं.

"नाना?" पद्मजा पेन उघडून थांबली होती.

पाहुण्यांची यादी त्यांना पाठ होती. सेंटर फॉरवर्डचं नाव ठोकून दिलं असतं, तर बरोबर निघायचा संभव बराच होता. नाव ओठांवर आलंसुद्धा. मग त्यांना लवू आठवला. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला दिसलं नाही, पद्मजा," ते म्हणाले. "या सीझनचा एकही गोल मला दिसलेला नाही. उद्या तसं सांग त्यांना."

आता पोरगी वही मिटून उठून जाईल, असं त्यांना वाटलं. बाकावर सरकून पद्मजा त्यांच्या आणखी जवळ बसली.

तेवढ्यात बुटांचा आवाज बाकाच्या दिशेने आला. पंचांना हात दाखवून रतन मैदानाबाहेर धावत आला होता. नुकताच गोल खाल्लेला कप्तान, धापा टाकत तो नानांच्या कानाशी वाकला.

"नाना, त्यांच्या सात नंबरने मारला, डावीकडून. लिहून घ्या," तो म्हणाला. "सॉरी हां. बाकी सगळ्या टीमना सांगून ठेवलंय, या पाहुण्यांनाच ओरडायला सांगायचं राहून गेलं."