शब्द पडू द्यायचा नाही

इसरूला ग्रामसभेत एकच वाक्य बोलायचं होतं. तेही मासोळी विकणाऱ्या बायांच्या पुढारी गोकुळानं सकाळपासून दहादा त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. ‘तलाव आमचा हाय, खाणीले देत नाई.’ संपलं. माईक ठेवायचा आणि येऊन बसायचं. मासेमारी करणाऱ्या ढिवरांची ऐंशी घरं त्या तलावावर जगत होती, आणि त्यांच्या बाजूनं, ठराव घ्यायला आलेल्या साहेबासमोर तोंड उघडेल असा माणूस गावात दुसरा होता तरी कोण? इसरू म्हणजे दंडारीतला, म्हणजे गावच्या लोकनाट्यातला, सोंगाड्या. चाळीस वर्षं त्यानं दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गावोगावच्या लोकांना हसवून लोळवलं होतं.

माईक हातात आला आणि त्याची नजर टेबलाकडे गेली. साहेबाच्या शेजारी बिरजू बसला होता. हाच बिरजू वीस वर्षं दंडारीत त्याच्यासमोर उभा राहायचा. आता गळ्यात खाणवाल्या कंपनीचं ओळखपत्र. लोकांना गोडीगुलाबीनं समजावून सांगायचं, हे त्याचं काम.

“तलाव आमचा...” इसरूनं सुरुवात केली.

“तलाव तुमचाच हाय, भाऊ!” बिरजूनं दुसरा माईक उचलला. “पन त्यातल्या मासोळ्या काल आमच्या हापिसात आल्या होत्या. म्हने, आमाले बी नोकरी पाह्यजे!”

समाजमंदिरात खसखस पिकली.

दंडारीला लिहिलेली वही नसते. समोरचा फेकेल ते झेलायचं आणि त्यावर आपलं चढवायचं. गुरूनं पहिल्याच दिवशी इसरूला सांगितलं होतं, समोरच्याचा शब्द पडू द्यायचा नाही. त्यानं रात्र म्हटली की आपण चांदण्या मोजायच्या. ‘नाई’ म्हटलं का खेळ मेला. बिरजूचा एक शब्द इसरूनं कधी भुईवर पडू दिला नव्हता. जित्याची खोड, दुसरं काय!

“आल्याच असतीन!” त्याच्या तोंडून निघून गेलं. “मांगूर माशाले तर मीच म्हटलं, मिशा काढून जाय बाबू. साहेब लोकं मिशीवाल्याले ठेवत नाई!”

हसू उसळलं. म्हातारे हसले, दारातला पोलीस हसला. इसरूच्या अंगात ते जुनं वारं भरलं. काय सुख होतं ते! गेली चार वर्षं दंडारीला कोणी बोलावलंच नव्हतं.

“मंग, लागली का नोकरी?”

“लागली ना! तलावाले कुलूप लावून साऱ्याच्या साऱ्या ड्युटीवर गेल्या!”

“मंग त्या रिकाम्या तलावाचं काय करता, भाऊ? देता का आमाले?”

“घेऊन जा ना बाप्पा! किल्ली बी घेऊन जा!”

लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. ग्रामसेवकानं मान खाली घालून लिहायला घेतलं. साहेब डोळे पुसत म्हणाले, “वा! इतक्या खेळीमेळीत झालेला ठराव मी आजच पाहतोय. चला, हात वर करा.” टाळ्या वाजवायला उठलेले हात तसेच वर गेले.

तेव्हा कुठे इसरूच्या ध्यानात आलं.

“थांबा, साहेब! आमाले तलाव द्यायचा नाई. नाई म्हंजे नाई. मी खरं बोलून राह्यलो!”

लोक आणखीच हसले. कोणीतरी शिटी मारली. बिरजू तेवढा हसला नाही. त्यानं इसरूकडे न पाहता माईकचं बटण बंद केलं आणि साहेबासाठी खुर्ची मागे ओढली. दहा मिनिटांत सह्या झाल्या, गाड्या निघून गेल्या. मग लोकांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली, ठरावात लिहिलं काय? ग्रामसेवकानं वाचून दाखवलं: ‘तलाव खाणीला देण्यास ग्रामसभेची एकमतानं संमती.’

इसरू बाहेर पायरीवर बसला होता. त्याला मरून जावंसं वाटत होतं. लोक बाजूनं उतरून जात होते. शेवटी गोकुळा आली आणि समोर उभी राहिली.

“शिव्या दे, बाई,” तो मान न उचलता म्हणाला. “जोडा मार मले.”

गोकुळा खाली बसली. तिनं स्वतःचा तळहात उघडून पाहिला.

“कोन्या तोंडानं शिव्या देऊ, भाऊ?” ती म्हणाली. “हात तर माहा बी वर होता.”