ओळंब्याची दोरी

“पाड,” मसाजी गवंडी लेकीवर खेकसला. “भिंतीला मधे पोट आलंय.”

नेहमीसारखा डावा डोळा मिटून तो उजव्यानं भिंतीची कड न्याहाळत होता. या नजरेच्या जोरावर चाळीस वर्षं त्यानं ओळंब्याला हात लावला नव्हता. सिंधूच्या दोन भिंती त्यानं याच आठवड्यात पाडायला लावल्या होत्या, ही तिसरी.

सिंधूनं गुपचूप ओळंबा काढला आणि भिंतीपासून लांब, मोकळा सोडला. “आबा, आता ही दोरी बघा.”

खाली वजन लटकत होतं, तरी दोरीलाही पोट होतं. त्यानं डोळा बदलला. दोरी सरळ झाली.

“डोळ्यातलं रक्त परत नेणारी शीर तुंबलीय,” दुपारी डॉक्टर म्हणाले. “त्यामुळं आतल्या पडद्याला सूज आलीय. बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या ना? आजच डोळ्यात इंजेक्शन देऊ. नजर किती परत येईल, सांगता येत नाही.”

आत नेताना मसाजीनं लेकीचा हात घट्ट धरला. “आधीच्या दोन्ही भिंती सरळच होत्या ना गं?”

“नाही आबा, वाकड्याच होत्या.”

ती खोटं बोलतेय, हे कळायला त्याला डोळे लागले नाहीत.