दोघांशिवाय न उघडणारं दार

गोडादरा वस्तीतल्या त्या घरात पुढच्या खोलीत पंच बसले होते आणि मागच्या स्वयंपाकघरात नवरा-बायको मोबाइलवर गेम खेळत होते.

फारकतीआधी दोघांना एकदा एकांतात बोलू द्यायचं, ही रीत. पंचांतले वडीलधारे सुकलाल बापू, त्यांनीच दोघांना आत धाडलं होतं. "भांडा, रडा, पन काहीतरी बोला," असं बजावलंही होतं. पण योगराजचं आणि बोलण्याचं कधी जमलंच नव्हतं. त्याच्या आईची, मालतीबाईंची, सोन्याची पोत हरवली आणि आळ सुनेवर आला, तेव्हाही तो मूग गिळून बसला होता. गायत्री माहेरी निघून गेली ती चोरीच्या आळापायी नव्हे, त्या गप्प बसण्यापायी.

आता तो गव्हाच्या कोठीला टेकून बसला. ती ओट्याशी उभी. बऱ्याच वेळाने त्याने खिशातून मोबाइल काढला, आडवा धरला आणि एक बाजू तिच्याकडे केली.

"ते दार राहिलंय."

कोड्याच्या गेममधलं दार. दोन बाहुल्या, एक तिची, एक त्याची. दोन टोकांच्या दगडांवर दोघांनी एकाच वेळी पाय दिला तरच उघडणारं. तिला हसावं की रडावं कळेना. बाहेर संसार मोडायला माणसं बसलीत आणि याला त्या दाराची पडलीय! तरी ती शेजारी जाऊन बसली.

गेमचा नाद तिला त्यानेच लावला होता. उड्या मारायच्या गेममध्ये योगराज वाघ होता. खाली दरी असो की आग, पुढचंमागचं न बघता झेप टाकायचा आणि पडला तर हसत पुन्हा पहिल्यापासून. तिला वाटायचं, यातली चिमूटभर धिटाई घरात वापरली असती तर काय बिघडलं असतं? तिला स्वतःला कोडी आवडायची. कोड्यात घाई नसते आणि चुकलं तरी कोणी तोंड टाकत नाही. शिवाय राजेरजवाड्यांचा एक भला मोठा गेम होता. त्यात आपण कोणीतरी व्हायचं, गावोगाव हिंडायचं, आणि कोणी काही विचारलं की खाली तीन-चार उत्तरं यायची, त्यातलं एक दाबायचं. योगराज हटकून 'काही बोलू नका' हेच दाबायचा. म्हणे, त्याने कोणी दुखावत नाही.

एरवी ती त्याला अहो-जाहो करायची. खेळताना मात्र अरे-तुरेवर यायची आणि ते त्याला आवडायचं.

"डावीकडे सरक. अजून थोडा. थांब."

"थांबलो."

"हं, आता."

दोघांचे अंगठे एकदम टेकले. दार करकरत उघडलं, पलीकडे हिरवंगार रान दिसलं आणि गायत्रीला खुदकन हसू आलं. तोही हसला. पुढच्या खोलीतलं बोलणं एकदम थांबलं.

"जमनं वाटस," सुकलाल बापू म्हणाले. पलसाण्याच्या मिलमध्ये खाडा करून आलेल्या तिच्या वडिलांनी सोडलेला सुस्कारा तिला आतपर्यंत ऐकू आला.

या माणसावर आपला जीव आहे, हे तिला तेव्हा लख्ख कळलं.

"पोत मी घेतली नाही, हे तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," तो लगेच म्हणाला.

"मग एवढंच बाहेर सांग. आईंसमोर, चारचौघांत. मला दुसरं काही नको. मी आजपासूनच इथे राहीन, बॅग आणायलासुद्धा माहेरी जाणार नाही."

त्याने मान डोलावली. तिने ओढणी सारखी केली आणि ती त्याच्या आधी बाहेर आली.

"पोरी, तुले काय म्हननं शे?" बापूंनी विचारलं.

"हे सांगतील."

सगळ्यांनी योगराजकडे पाहिलं. तळमजल्यावरचे कापडाचे लूम खटखटत होते. मालतीबाई मुलाकडे नुसतं बघत होत्या, आणि त्यांना त्याहून जास्त काही करावं लागत नसे. योगराजने घसा खाकरला. गायत्रीचे डोळे त्याच्या ओठांवर खिळले. बोल रे, ती मनात म्हणत होती, एवढं एकच वाक्य. त्याने चटईची उसवलेली कड बोटाने आत सारली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा आत सारली.

बापूंनी परत विचारलं, मग आणखी एकदा. शेवटी त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

"कोर्टना कागद नंतर व्हतीन," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आपली रीत करी ल्या."

कोणीतरी खराट्यातली काडी उपसून आणली. काडीमोड हा शब्द गायत्रीने लहानपणापासून ऐकला होता, पण खरोखरच काडी मोडतात हे तिला ठाऊक नव्हतं. एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं त्याच्या. काडी वाळून कडक झालेली, तिच्या बाजूने चिरलेली.

"जपून धर," योगराज म्हणाला. "टोचेल."

पंचांनी चमकून वर पाहिलं. बैठक बसल्यापासून चारचौघांत तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होता. गायत्रीला रडू आवरेना. तशीच रडत तिने काडी मोडली.