पहिलं रीडिंग

गौरांगने नमुना काढायची परखी दाराजवळच्या पोत्यात खुपसली, मूठभर मका यंत्रात ओतला आणि आकडा मोबाइलवरून पाठवूनही दिला. ओलावा सोळा टक्के.

"किंमत वीस टक्क्यांनी खाली येते, मॅडम. तारणात नऊ लाख कमी पडतायत. चारच्या आत भरा, नाहीतर सौदा कापला जाईल."

विंचूरच्या त्या गोदामात दोनशे शेतकऱ्यांचा मका होता. निकिता त्यांच्या कंपनीची व्यवस्थापक. चार हजार पोती नाशिकच्या एका दलालाकडे तारण ठेवून तिने वायदेबाजारात पुढच्या महिन्याचा भाव आधीच बांधून घेतला होता, क्विंटलला साडेबावीसशे. गौरांग दलालाचा माणूस. तारणाची किंमत तो ठरवायचा.

"साहेब, ती झाडणीची पोती हायत," गोदाम सांभाळणारा सावळीराम म्हणाला. "फरशीवरचं गोळा केलेलं. म्हणून तर येगळी ठेवली."

"पोत्यावर तसं लिहिलंय का?"

"थप्पीवर चढा," निकिता म्हणाली. "नमुना सगळीकडून घ्यायचा असतो. तुमच्याच करारात आहे."

"मी हमाल नाही."

निकिताने त्याच्या हातातली परखी ओढून घेतली, ओढणी कमरेला बांधली आणि थप्पीवर चढली. वरून, मधून, मागच्या भिंतीकडून, सहा पोत्यांतला मका तिने खाली आणला आणि त्याच्यासमोर, त्याच्याच यंत्रात ओतला. बारा पूर्णांक आठ. पुन्हा ओतला. बारा पूर्णांक नऊ.

गौरांगने यंत्र बंद करून बॅगेत टाकलं. "पहिलं रीडिंग ऑफिसला गेलंय. मान्य नसेल तर वाद नोंदवा. लॅबचा निकाल पाच दिवसांत येतो."

"आणि सौदा?"

"तो थांबत नाही."

"आत्ता तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत."

"मी बघून काय होतं?" तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

निकिताने बँकेत फोन केला, संचालकांना केले, शेवटी वडिलांनाही केला. साडेतीन लाख जमले. चार वाजून दोन मिनिटांनी सौदा कापल्याचा मेसेज आला. बांधलेला भाव गेला.

सहाव्या दिवशी गौरांग पत्र घेऊन परत आला. लॅबमध्ये ओलावा बारा पूर्णांक नऊच निघाला होता. वाद शेतकऱ्यांच्या बाजूने निकाली निघाला, एवढंच पत्रात होतं. पोच म्हणून सही हवी होती. एव्हाना मका दोन हजारांवर उतरला होता.

निकिताने पेन घेतलं नाही. शेजारी बयाबाई उभ्या होत्या. थप्पीत त्यांची चाळीस पोती होती आणि त्या भाव विचारायला आल्या होत्या.

"यांना तुम्हीच सांगा," निकिता म्हणाली.

गौरांगने आधी पत्राकडे बघितलं, मग दाराकडे. "मावशी, निकाल तुमच्या बाजूने लागलाय."

"म्हंजी आमचंच खरं व्हतं?"

"हो."

"मग दे माझा भाव."

"तसं नसतं, मावशी."

तो बाहेर पडायला वळला. बयाबाई त्याच्या आधी गाडीपाशी पोचल्या आणि पुढच्या चाकाला पाठ टेकून खाली बसल्या.

"सावळीराम," निकिता म्हणाली, "त्यांना पाणी दे."

गौरांगने हात पुढे केला. सावळीराम तांब्या घेऊन त्याच्या शेजारून बयाबाईंकडे गेला.